तेव्हाचा गुन्हा, आजचा पगार? (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली फाशी आणि इतर भानगडी)

डॅलसकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी शेजाऱ्याकडे अंगणात ब्रिस्केटचा बेत होता. (मी शाकाहारी. माझ्या वाट्याला मक्याची कणसं.) शेजारी साठी ओलांडलेला, दारावर लाल-निळा घोड्याचा झेंडा. म्हणजे इथल्याच सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचा, एसएमयूचा, जुना विद्यार्थी. माझ्या मुलीने सहज विचारलं की तुमच्या कॉलेजचा संघ एवढा नावाजलेला होता म्हणता, मग मधली वीस-पंचवीस वर्षं गेला कुठे? आजोबांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्हाला फाशी झाली होती."

मला वाटलं गंमत करतायत. घरी येऊन वाचत बसलो ते पहाटे अडीच वाजले.

तर गोष्ट अशी. १९८० च्या आसपास एसएमयू तुफान फॉर्मात होतं. एरिक डिकर्सन आणि क्रेग जेम्स ही जोडी चेंडू हातात घेऊन धावायची (हा अमेरिकन फुटबॉल, पायाने खेळायचा नव्हे), तिला 'पोनी एक्स्प्रेस' म्हणत. पण चांगली पोरं आपल्याच कॉलेजात यावीत म्हणून शहरातले धनदांडगे माजी विद्यार्थी (इथे त्यांना बूस्टर म्हणतात) खेळाडूंना गुपचूप पाकिटं देत. एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा, नियम सरळ होता: शिष्यवृत्तीपलीकडे दमडी घ्यायची नाही. १९८५ मध्ये एसएमयूला जबर शिक्षा झाली. तरी पाकिटं चालूच. १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर, कुणाला महिना ५० तर कुणाला ७२५. २५ फेब्रुवारी १९८७ ला निकाल आला: १९८७ चा अख्खा हंगाम रद्द. ह्याच शिक्षेला इथे 'फाशी' म्हणतात. १९८८ चा हंगाम संघच उरला नाही म्हणून कॉलेजने स्वतः सोडला. निकाल सांगणारे एनसीएएचे अधिकारी डेव्हिड बर्स्ट पत्रकार परिषद संपताच चक्कर येऊन पडले, एवढा ताण!

आणि कळस पुढेच आहे. बिल क्लेमेंट्स हे आधी टेक्सासचे गव्हर्नर, मग एसएमयूच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष, आणि १९८७ च्या जानेवारीत पुन्हा गव्हर्नर. त्यांनी मार्चमध्ये कबूल केलं की शिक्षा झाल्यावरही पाकिटं चालू ठेवायची हे मंडळातल्या लोकांनी ठरवूनच केलं होतं. ज्यांना शब्द दिलाय त्यांचे पूर्ण करू, मग बंद करू, असा हिशोब.

आता माझा प्रश्न. १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना राजरोस पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तेव्हा ६१ हजारांसाठी फाशी, आता दोन कोटी वाटले तर शाबासकी. मग ती शिक्षा अन्याय होती का? की तेव्हाचा नियम तो नियम, मोडला तर भोगा?

चहाटळ

पहिला! 

मक्याच्या कणसांवर वेगळा धागा काढा.

पेठेतला पाटील

नियम तो नियम. दारूबंदी असताना दारू विकली तर गुन्हाच. पुढे बंदी उठली म्हणून आधीचा गुत्तेवाला संत होत नाही. त्यात ह्यांना एकदा सांगून झालं होतं. सांगूनही ऐकत नाही म्हटल्यावर मास्तर छडी काढणारच.

ॲड. गोदाकाठ

पाटील, उपमा चुकली. दारूबंदी सरकारने कायदा करून आणली होती. एनसीएए हे सरकार नाही, कॉलेजांनीच मिळून काढलेली संघटना आहे. आणि सगळी मेख तिथेच आहे.

नाशिकच्या भाषेत सांगतो. लासलगावच्या बाजार समितीत सगळे व्यापारी एका खोलीत बसले आणि ठरवलं की शेतकऱ्याला कांद्याचा भाव कुणीच द्यायचा नाही. फक्त ट्रॅक्टरचं डिझेल आणि एक वेळचं जेवण. वर म्हणायचं, हा शेतकरी व्यापारासाठी शेती करतच नाही, हौसेने करतो, त्याचं पावित्र्य जपलं पाहिजे. आणि तोच कांदा पुढे मुंबईला वाजवी भावाने विकायचा. ह्याला आपण संगनमत म्हणतो. अमेरिकेत १८९० चा शर्मन कायदा ह्याच्याच विरुद्ध आहे.

गंमत म्हणजे ह्या कायद्याचा पहिला मोठा फटका एनसीएएला खेळाडूंनी नाही, कॉलेजांनीच दिला. टीव्हीवर कुठला सामना दाखवायचा, किती वेळा, हे सगळं एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधातल्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः कोलोराडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. त्यांना बहुधा पुढचं दिसत होतं. टीव्हीचा पैसा कॉलेजांकडे मोकळा वाहायला लागला आणि खेळाडूचं डिझेल-जेवण तेवढंच राहिलं.

मात्र ह्याच निकालात न्यायालयाने जाता जाता लिहून ठेवलं होतं की कॉलेज खेळाडूंना पैसे न देणं हे त्या खेळाचं वैशिष्ट्य आहे. त्या एका परिच्छेदाच्या आधारावर एनसीएएने पुढची ३७ वर्षं काढली.

निव्वळ वाचक

कांद्याची उपमा +१. आयुष्यात पहिल्यांदा शर्मन कायदा कळला.

सुलभाताई मिशिगन

धागा छान, पण पाकिटांना घोटाळा म्हणताना मला कसंसंच होतं. घोटाळा कशाला म्हणायचं तेच आधी ठरवा.

माझी मुलगी लहानपणी जिम्नॅस्टिक्सला जायची. त्यामुळे मिशिगन स्टेट विद्यापीठातला डॉक्टर लॅरी नासार ह्याचा खटला आम्ही दिवसागणिक पाहिला. उपचाराच्या नावाखाली शेकडो मुलींवर अत्याचार. जानेवारी २०१८ मध्ये एकेक मुलगी कोर्टात उभी राहून बोलत होती आणि मी स्वयंपाकघरात मोबाइल समोर ठेवून ऐकत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. विद्यापीठाने ५० कोटी डॉलरवर तडजोड केली. मुलींनी आधी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

आणि एनसीएएने काय केलं? ऑगस्ट २०१८ मध्ये कळवलं की ह्या प्रकरणात मिशिगन स्टेटने आमचा कुठलाही नियम मोडलेला नाही.

पोराला ५० डॉलर दिले तर नियम मोडतो. हे झालं तर नाही मोडत.

रात्रपाळी

ताई, अंगावर काटा आला.

ह्याला जोडून पेन स्टेट विद्यापीठाचं. तिथे २०११ मध्ये जेरी सँडस्की हा माजी सहायक प्रशिक्षक मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी पकडला गेला, २०१२ मध्ये ४५ आरोपांत दोषी ठरला. तिथे मात्र एनसीएएने ६ कोटी डॉलर दंड केला आणि मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नोचे १११ विजय कागदावरून पुसले. म्हणजे सामने झाले, लोकांनी पाहिले, पण झालेच नाहीत. २०१५ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि ते विजय पुन्हा 'झाले'. मला हे विजय पुसण्याचं प्रकरण कधीच कळलं नाही. अत्याचार झालेल्या मुलांना त्यातून काय मिळालं?

पेठेतला पाटील

सुलभाताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ते पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. शाळेच्या कबड्डी संघटनेकडून खुनाच्या तपासाची अपेक्षा कशी करणार? बेलर विद्यापीठाच्या बाबतीत २०२१ मध्ये एनसीएए हेच म्हणाली: तिथल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी दाबणं लाजिरवाणं आहे, पण आमच्या नियमांत ते बसत नाही.

सुलभाताई मिशिगन

पाटील, मग पेन स्टेटला कसं बसलं?

पेठेतला पाटील

... 

निरुत्तर. चहा घेऊन येतो.

भूतपूर्व शिकवणीवाला

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, खास ह्या धाग्यासाठी.

एमएस करताना मी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात (नाव नको, मित्र अजून तिथे आहेत) फुटबॉलपटूंना स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. तासाला पैसे, वर एसी हॉल, आपल्याला काय हवं? पहिल्या दिवशी दोन तास फक्त नियम सांगितले. खेळाडूला गाडीतून सोडायचं नाही. कॉफी पाजायची नाही. वाढदिवसाला कार्डसुद्धा नाही. पेन विसरला तर आपलं पेन कायमचं द्यायचं नाही, तास संपला की परत घ्यायचं!

माझ्याकडे एक पोरगा होता, लाइनमन (समोरच्यांना अंगाने अडवणारा), आडवा-तिडवा, मांडी माझ्या कमरेएवढी. पहाटे पाचला व्यायाम, मग वर्ग, दुपारी सराव, संध्याकाळी व्हिडिओ पाहायचे आणि रात्री आठला माझ्यासमोर. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणता म्हणता त्याची मान कलायची. एकदा बर्फाची पिशवी खांद्याला बांधून आला आणि तशीच ती वितळत माझ्या वहीवर ठिबकली. ती वही अजून आहे. पाचवं आणि सहावं पान चिकटलंय.

एका सत्रअखेरीस वरून 'जरा मदत कर' असा निरोप आला. मदत म्हणजे त्याचा घरचा अभ्यास मीच लिहायचा. तोंडी निरोप, कागदावर काही नाही. मी नाही म्हटलं. पुढच्या सत्रात माझे तास निम्मे झाले. त्या पोराला ह्यातलं काही माहीतही नव्हतं. तो नापास झाला, उन्हाळ्यात परत बसून पास झाला, आणि मला येऊन सांगून गेला.

म्हणून 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द ऐकला की मला ती चिकटलेली पानं आठवतात.

निव्वळ वाचक

दंडवत. ह्यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.

ॲड. गोदाकाठ

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दही बरं का, वकिली डोक्यातून आलाय. १९५५ मध्ये रे डेनिसन नावाचा कोलोराडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. म्हणजे प्रश्न आला, तो कामगार होता का? हे जर मान्य झालं तर देशभरातली कॉलेजं मालक ठरली असती. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स ह्यांनी 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द सगळीकडे वापरायला लावला तो ह्याच धास्तीने. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच ते सांगितलं. १९५७ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बाईंचा दावा फेटाळला. कारण? कॉलेज हे फुटबॉलच्या धंद्यात नाही.

चहाटळ

कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिम्बो फिशर ह्या प्रशिक्षकाला काढलं आणि काम न करण्याचे ७.५ कोटी डॉलरहून जास्त द्यायचं ठरवलं. धंदा नाहीच तो. दानधर्म.

लाल मातीतला

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पैलवानाला खुराक द्यायची पद्धत शाहू महाराजांपास्नं. दूध, तूप, बदाम, वर तालमीत राहायची सोय. मैदान मारलं की इनाम. कुणी म्हटलं नाही की पैसे घेतलेस, आता तुझी कुस्ती बाटली. उपाशीपोटी हौशीपणा हे साहेबाचं खूळ. ज्याच्या घरी जेवण असतं त्यालाच हौस परवडते.

बाकी आमच्या कॉलेजातसुद्धा भानगडी होत्याच की. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला एकदा बाहेरचा गडी दुसऱ्याच्या आयकार्डावर उतरवला. समोरच्या संघात त्याचा सख्खा चुलतभाऊ निघाला! त्यानं कोर्टवरच नावानं हाक मारली. सर पळाले.

रात्रपाळी

लाल मातीतला, फुटलो 😂

जेवणावरून आठवलं. ओक्लाहोमा विद्यापीठाने एनसीएएला स्वतःहून कळवलं होतं की आमच्या तीन खेळाडूंनी पदवीदानाच्या मेजवानीत नियमापेक्षा जास्त पास्ता खाल्ला. प्रायश्चित्त म्हणून प्रत्येकाने ३ डॉलर ८३ सेंट दान केले. हा विनोद नाही. २०१४ मध्ये बाहेर आलेली बातमी आहे.

त्याच वर्षी कनेक्टिकट विद्यापीठाचा शबाझ नेपियर बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकताना पत्रकारांना म्हणाला की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्याची जर्सी मात्र विकली जात होती. गदारोळ झाला आणि एनसीएएने घाईघाईने जेवणाची मर्यादा उठवली.

डॅलसकर

वा, धागा छान चाललाय. लाल मातीतला, तुमचा चुलतभाऊ डोळ्यांपुढे उभा राहिला.

माझ्या प्रश्नाकडे थोडं वळूया का? एसएमयूनंतर ती 'फाशी' फुटबॉलमध्ये कुठल्याच मोठ्या विद्यापीठाला झालेली नाही. नॉर्थ कॅरोलायनाचं प्रकरण आठवा. १८ वर्षं, ३,१०० वर विद्यार्थी, कधी न भरलेले वर्ग. एक निबंध द्यायचा, तोही विभागातल्या कार्यालयीन कर्मचारी बाईंनी तपासायचा, आणि मार्क मिळायचे भरपूर. जवळपास निम्मे त्यातले खेळाडू. २०१४ च्या चौकशी अहवालात सगळं आलं. २०१७ मध्ये एनसीएए म्हणाली, हे वर्ग बिगरखेळाडूंनाही खुले होते, म्हणून हा खेळाडूंना दिलेला खास लाभ होत नाही. शिक्षा शून्य!

चहाटळ

म्हणजे घोटाळा सर्वांसाठी खुला ठेवला की तो घोटाळा राहत नाही. नोंद करून ठेवतो.

भूतपूर्व शिकवणीवाला

जेरी टार्केनियन नावाचे लास वेगासचे वात्रट बास्केटबॉल प्रशिक्षक होते, आयुष्यभर एनसीएएशी भांडले. १९८८ मध्ये बड्या केंटकी विद्यापीठाकडून एका खेळाडूच्या वडिलांना निघालेलं कुरिअरचं पाकीट वाटेत फुटलं आणि आतून हजार डॉलर बाहेर आले. तेव्हा ते म्हणाले होते की एनसीएए केंटकीवर एवढी संतापलीय की आता क्लीव्हलँड स्टेट ह्या छोट्या विद्यापीठाची शिक्षा वाढवणार. मोठ्यांना हात लावायचा नाही, धाकट्याच्या पाठीत धपाटा. एसएमयू हे छोटं खाजगी विद्यापीठ. टेक्सासमधल्या तेव्हाच्या इतर बड्या संघांचीही पाकिटं पकडली गेली, पण कुणाला हंगाम गमवावा लागला नाही.

टार्केनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्येच ५-४ ने हरले. कोर्ट म्हणालं, एनसीएए सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध घटनात्मक हक्क मागता येत नाही.

सातासमुद्रापार

२०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने खेळाडूंना पगार द्यायला परवानगी दिली ना? तिथेच विषय संपला.

ॲड. गोदाकाठ

नाही, पगाराला नाही! हा गैरसमज फार पसरलाय. अल्स्टनचा वाद फक्त शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. लॅपटॉप, इंटर्नशिप, पुढच्या शिक्षणाचा खर्च वगैरे. पण न्यायमूर्ती गॉर्सच ह्यांनी निकाल लिहिताना १९८४ चा तो लाडका परिच्छेद बाजूला सारला, आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ ह्यांनी वेगळं मत जोडून बजावलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. भिंत तिथे तडकली.

पाया त्याआधी खणला एड ओ'बॅनन ह्याने. १९९५ चा यूसीएलए ह्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा विजेता बास्केटबॉलपटू. पुढे मोटारी विकायचा. एका मित्राच्या घरी त्याचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता आणि पडद्यावर हा स्वतः! तोच ३१ नंबर, तसाच डावखुरा. नाव नाही, पैसे नाहीत. २००९ मध्ये दावा, २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन ह्यांचा निकाल त्याच्या बाजूने. ओ'बॅनन, अल्स्टन आणि शेवटचा हाऊस (ज्याच्या तडजोडीतून २०२५ पासूनचे पैसे आले), तिन्ही खटले खालच्या कोर्टात ह्याच बाईंपुढे चालले.

सातासमुद्रापार

धन्यवाद वकीलसाहेब, शब्द मागे. फुटबॉलचा तसाच व्हिडिओ गेम खटल्यांमुळे दहा वर्षं बंद होता. २०२४ मध्ये परत आला तेव्हा खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत फुकट मिळाली. माझ्या मुलाने रांगेत उभं राहून विकत घेतली.

कोथरूडची लेक

वाचनमात्र असते, आज लिहितेय कारण घरचा विषय आहे.

माझा भाचा पुण्याहून टेनिसच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलाय. तुम्ही सगळे म्हणताय आता पैसे मिळतात. कोणाला? तो एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावर आहे. स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरात करून पैसे घेतले तर ते काम धरलं जाईल आणि व्हिसा जाईल ही भीती. त्याच्या संघात स्थानिक मुलाला एका दुकानाने बूट आणि वर पैसे दिले. ह्यालाही विचारलं, तर कॉलेजच्या ऑफिसने सांगितलं, वकिलाला विचार, आम्ही काही सांगू शकत नाही. वकिलाची एका तासाची फी बुटांच्या जोडीपेक्षा जास्त. पर्ड्यू विद्यापीठाचा तो सात फुटांहून उंच झॅक एडी, दोनदा देशातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला, पण कॅनडाचा म्हणून त्याचेही हात असेच बांधलेले होते.

आणि दुसरं, जास्त काळजीचं. ते दोन कोटी येणार कुठून? फुटबॉलवाल्यांना द्यायचे म्हणजे टेनिस, पोहणं, कुस्ती ह्यांच्यावर कात्री. भाच्याचे कोच म्हणतात, पुढच्या वर्षी संघ असेल का माहीत नाही. आई त्याची इथे रोज नवस बोलतेय.

लाल मातीतला

कुस्तीवर पण कात्री? मग बरोबर नाय हे.

सुलभाताई मिशिगन

कोथरूडची लेक, अगदी नेमकं बोललात. ह्या हाऊस तडजोडीत मागची थकबाकी म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत वाटायचेत आणि त्यातला सिंहाचा वाटा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलला. जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाल्या मिळाल्या काही महिला खेळाडूंनी अपील केलं की हे १९७२ च्या टायटल नाइन कायद्याच्या, म्हणजे मुलींना शिक्षणसंस्थेत समान वागणूक देण्याच्या, विरुद्ध आहे.

पेठेतला पाटील

चहा पिऊन आलो. 

ह्या सगळ्यात तो २०१९ चा प्रवेशघोटाळा कुणीच काढला नाही? रिक सिंगर नावाचा दलाल श्रीमंतांची पोरं 'खेळाडू' म्हणून घुसवायचा. एका बापाने ऑनलाइन वॉटरपोलोचं सामान मागवलं, पोराला घरच्या पूलमध्ये उभं केलं आणि फोटोवर कारागिरी करून घेतली. जॉर्जटाउनचा टेनिस प्रशिक्षक अडीच वर्षांसाठी आत गेला, सिंगर साडेतीन. आपल्याकडचे बोगस क्रीडा प्रमाणपत्रवाले निदान फोटो तरी काढत नाहीत!

संपादक मंडळ

क्रीडा कोट्यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद करावे लागलेत. कृपया तिकडे वळू नये.

चहाटळ

पाटील, तुमच्यामुळे हेडमास्तर आले.

रात्रपाळी

मूळ प्रश्नावर माझे दोन पैसे. रेजी बुशचं बघा. सदर्न कॅलिफोर्नियाचा खेळाडू, २००५ ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान. कुटुंबाने दलालांकडून पैसे आणि घर घेतल्याचं निघालं, २०१० मध्ये ट्रॉफी सोडावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये ट्रॉफी देणाऱ्या ट्रस्टने ती त्याला परत दिली, कारण आता काळ बदलला. ट्रॉफी परत देता येते. एसएमयूची वर्षं कशी देणार?

पण पाटलांचं एक पटतं. एसएमयूने नियम अन्याय्य आहे म्हणून मोडला नव्हता. उघडपणे लढले असते, कोर्टात गेले असते, तर गोष्ट वेगळी. त्यांनी खोटं बोलून मोडला, आणि खोटं बोलणारे गव्हर्नर होऊन बसले. बाहेर कोण पडलं? पोरं. ज्यांनी पैसा घेतला नव्हता ती सुद्धा.

पेठेतला पाटील

मी एवढं सुंदर बोललो होतो हे मला माहीत नव्हतं. +१ मलाच.

डॅलसकर

सगळ्यांचे आभार. काल हे सगळं (सुलभाताईंचा भाग सोडून, तो माझ्याच्याने इंग्रजीत सांगवला नाही) शेजारच्या आजोबांना सांगितलं. कांद्याची उपमा त्यांना कळली नाही, मग कापूस घेतला.

आजोबा एसएमयूवर नाराज नाहीत. २०२४ मध्ये एसीसी ह्या बड्या गटात शिरण्यासाठी एसएमयूने नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडायची तयारी दाखवली आणि तो खड्डा भरायला देणगीदारांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलर जमवले. तेच शहर, तोच तेलाचा पैसा, फक्त आता पावती मिळते, असं म्हणून ते हसले. त्याच डिसेंबरात संघ बारा जणांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचला आणि पेन स्टेटकडून ३८-१० ने हरला. ह्या धाग्यानंतर तो सामना मला वेगळाच दिसायला लागलाय.

मी शेवटी थेट विचारलं, शिक्षा बरोबर होती की चूक? त्यावर उत्तर दिलंच नाही. म्हणाले, १९८९ मध्ये संघ परत उभा राहिला तेव्हा सगळी कोवळी पोरं. फॉरेस्ट ग्रेग हा एसएमयूचाच जुना दिग्गज प्रशिक्षक म्हणून आला आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना घेऊन उतरला. ऑक्टोबरात ह्यूस्टनला सामना होता, आजोबा गाडी हाकत गेले होते. एसएमयू २१, ह्यूस्टन ९५. "शेवटच्या शिट्टीपर्यंत बसलो होतो," म्हणाले, आणि ब्रिस्केट उलटवायला उठले.

लाल मातीतला

९५??? फुटबॉल व्हता का कबड्डी?

चहाटळ

चुलतभावाला बोलवायला हवं होतं.

निव्वळ वाचक

डॅलसकर, कणसं भाजायला आजोबा कोळसा वापरतात की गॅस? इकडे गॅसवर ती चव येत नाही.